सात छेद सहा



परवा रात्री पुण्याहून नातवाचा व्हिडिओ कॉल आला. पाचवीत आहे, इंग्रजी माध्यम. गणिताचा गृहपाठ अडला की त्याला परभणीचे आजोबा आठवतात, एरवी नाही! (असो, आठवतात हेही काही कमी नाही.) वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाला, "आजोबा, ह्याला इंप्रॉपर फ्रॅक्शन म्हणतात. त्याचा मिक्स्ड नंबर करायचा असतो. ते मला येतं. पण ह्यात इंप्रॉपर काय आहे? त्याने काय चूक केली?"

प्रश्न मला फार आवडला. मी त्याला सांगितलं की बाबा रे, चूक काहीच केली नाही. आपल्या मराठी पुस्तकात त्याला 'अंशाधिक अपूर्णांक' म्हणतात. वरचा अंश खालच्या छेदापेक्षा अधिक, एवढंच. त्यातले पुरते एक-एक वेगळे काढले आणि उरलेला तुकडा शेजारी ठेवला, की झाला 'पूर्णांकयुक्त अपूर्णांक'. सतरा छेद पाच म्हणजे तीन पूर्णांक दोन छेद पाच. अंशाला छेदाने भागायचं, भागाकार तो पूर्णांक, बाकी ती नवा अंश, छेद आहे तोच. त्याने ते पटापट सोडवून दाखवलं आणि फोन ठेवला. मला मात्र रात्री झोप लागेना. सतरा छेद पाच राहिलं बाजूला, माझ्या डोक्यात फिरत होता तो 'सात छेद सहा'. आमच्या घरात ह्या एका अपूर्णांकापायी एकदा दहा रुपये गेले होते, आणि नंतर त्याहून जास्त काहीतरी गेलं. आज तेच लिहितो.

आधी थोडं भाषेबद्दल. अंशाधिकाचं पूर्णांकयुक्त करणं हे आपण शाळेत शिकतो असं वाटतं, पण मराठी माणूस ते बोलायला लागल्यापासून करत असतो. पाच पाव कोणी म्हणत नाही, सव्वा म्हणतो. तीन अर्धे म्हणत नाही, दीड म्हणतो. सात पावांचं पावणेदोन होतं आणि सात अर्ध्यांचं साडेतीन. देवीची पीठं साडेतीन, मुहूर्त साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन! शेराला भेटतो तो सव्वाशेर, नवसाचा रुपया सव्वा, आणि शनीची पीडा साडेसात वर्षांची.

ह्या शब्दांच्या पोटात गणित भरलेलं आहे. सव्वा हा 'सपाद' ह्या संस्कृत शब्दावरून आला, म्हणजे पावासह. साडे म्हणजे 'सार्ध', अर्ध्यासह. पावणे म्हणजे पाव उणे. दीड, अडीच आणि औट ह्यांची तर गंमतच आहे. अडीच म्हणजे 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. दोन पुरते झाले आणि तिसरा अर्ध्यावर आला. तसंच औट म्हणजे 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा, अर्थात साडेतीन. 'औट घटकेचं राज्य' म्हणतो तो हाच औट.

जुन्या शाळेत ह्या सगळ्यांचे पाढे असत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. संध्याकाळी पोरं ओट्यावर बसून घोकत. लिहायची रीतही तशीच सुटसुटीत होती. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. आण्यासाठी आडव्या रेघा असत. जमाखर्चाच्या चोपड्या अशाच रेघांनी भरलेल्या असायच्या. रुपयाचे सोळा आणे, शेराच्या सोळा छटाका, सगळं पाव-अर्ध्यात बसणारं. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, ह्याच पाढ्यांवर वाढले. शाळा दोन-तीन वर्षांचीच, पण तोंडी हिशेबात गावात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बाजारातून येताना लोक आमच्या ओसरीवर थांबून हिशेब पडताळून घेत.

आता थोडा इतिहास. पुण्या-मुंबईच्या वाचकांना आणि आमच्याच घरातल्या पोरांना तो माहीत नसतो. आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही मोकळे झालो, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहोत. निजामाचं नाणं स्वतंत्र होतं. रुपयावर चारमिनारचं चित्र. १९१८ पासून संस्थानाने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. ह्या चलनाला 'हाली शिक्का' म्हणत, हाली म्हणजे चालू. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला आमच्याकडे 'कलदार' म्हणत, म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. दोन्ही रुपयांचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, पण दोन्ही रुपये सारख्या मोलाचे नव्हते. सहा कलदार म्हणजे सात हाली.

म्हणजे एका कलदाराचे हाली किती? सात छेद सहा. अंशाधिक अपूर्णांक! त्याचं पूर्णांकयुक्त केलं की एक पूर्णांक एक छेद सहा.

पण दुकानदार असं 'छेद सहा' म्हणून थोडाच पैसे मोजून देणार? तो उरलेल्या बाकीचे आणे करणार, आण्यांची बाकी उरली तर पै करणार. शंभर कलदारांचं उदाहरण करून पाहा. सातशे छेद सहा. सहाने भागले की ११६ रुपये, बाकी ४. चार रुपयांचे चौसष्ट आणे, सहाने भागले की १० आणे, बाकी ४. चार आण्यांच्या अठ्ठेचाळीस पै, सहाने भागल्या की ८ पै, बाकी शून्य. शंभर कलदारांचा सरकारी भाव नेमका हाच होता, ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. रुपये-आणे-पै ही लिहिण्याची रीत म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, पायऱ्यापायऱ्यांचा पूर्णांकयुक्त अपूर्णांकच. बाकी उरली की खालच्या नाण्याकडे सोपवायची.

उलट दिशेने मात्र हा हिशेब असा स्वच्छ सुटत नाही. दहा हाली रुपयांचे कलदार करा. साठ छेद सात. ८ रुपये, बाकी ४. चौसष्ट आणे भागिले सात, ९ आणे, बाकी १. बारा पै भागिले सात, १ पै, बाकी ५. आता पाच सप्तमांश पै कोणत्या नाण्यात देणार? पै हे शेवटचं नाणं. त्याखाली काही नाही. ती बाकी देणाऱ्याला मिळत नाही. एका व्यवहारात ती किडूकमिडूक, पण दिवसभर नाणी बदलून देणाऱ्याच्या गल्ल्यात साठत जाणारी.

आणखी एक फसवी जागा आहे. कलदाराचे हाली करताना सहावा हिस्सा वाढवायचा. मग हालीचे कलदार करताना सहावा हिस्सा कमी करायचा का? नाही, सातवा! सहावर एक चढला की सात होतात, आणि सातातून एक उतरला की पुन्हा सहा. चढताना सहावा, उतरताना सातवा. ही गोष्ट माझ्या शाळेतल्या हुशार पोरांनाही पहिल्या फटक्यात पटत नसे.

ह्या चढण्या-उतरण्याला आपल्याकडे फार जुनी नावं आहेत. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, 'लीलावती' लिहिली. त्यात अपूर्णांकांच्या प्रकरणात दोन प्रकार दिले आहेत, भागानुबंध आणि भागापवाह. पूर्णाला भाग जोडलेला असला तर भागानुबंध, पूर्णातून भाग काढलेला असला तर भागापवाह. रीत अशी की पूर्णांकाला छेदाने गुणायचं आणि त्यात अंश मिळवायचा किंवा त्यातून वजा करायचा. आज पाचवीचं पोर पूर्णांकयुक्ताचं अंशाधिक करताना जे करतं, ते हेच. आपला सव्वा म्हणजे भागानुबंध आणि पावणे म्हणजे भागापवाह. कलदाराचे हाली करणं भागानुबंध, हालीचे कलदार करणं भागापवाह. त्या काळी अपूर्णांकात मधली आडवी रेघ नव्हती. वर पूर्णांक, त्याखाली अंश, त्याखाली छेद, अशी आकड्यांची उतरंड मांडत. 'लीलावती'च्या आरंभी जी नाण्यांची कोष्टकं आहेत, त्यात सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे आमच्या आबांचे सोळा आणे काही इंग्रजांनी वा निजामांनी शोधून काढलेले नव्हते.

भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला होता. त्याचा शके ११२८ चा शिलालेख तिथे आहे. मी निवृत्त झाल्यावर मुद्दाम जाऊन आलो. परभणीहून मनमाडमार्गे गाडीने. पूर्वी ह्याच रस्त्याने जाणाऱ्या आमच्या लोकांना पुढच्या प्रवासासाठी हाली मोडून कलदार घ्यावे लागत, हे गाडीत बसल्या बसल्या आठवलं.

आता घरची गोष्ट.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, वऱ्हाडाला जवळ. वऱ्हाड नावाला निजामाचा, पण कारभार इंग्रजांचा, त्यामुळे तिकडे कलदार चाले. रझाकारीच्या आधी काही वर्षं आबांनी वाशीमच्या बाजारातून बैलजोडी आणली. किंमत एकशेवीस रुपये कलदार. जवळ एवढी रक्कम नव्हती म्हणून गावातल्या एका सावकाराकडून कलदार उसने घेतले. सुगी झाल्यावर कापूस विकला, तो अर्थातच हालीत. आबा पैसे फेडायला गेले. व्याजाचं आधीच मिटलेलं होतं, मुद्दल तेवढं राहिलं होतं. सावकार म्हणाला, "एका कलदाराचा रुपया आन् वर काही. सव्वानं धरावं का?" आबांनी बोटंसुद्धा न मोडता सांगितलं, "एकशेवीस सव्वे दीडशे." ओट्यावर बसलेली माणसं मान डोलवत राहिली. आबांनी दीडशे हाली मोजून दिले आणि ताठ मानेने घरी आले.

आजीला मात्र त्या दिवसापासून काहीतरी खटकत होतं. ती निरक्षर. पण तिच्या माहेरी कोणीतरी तेवढ्याच कलदारांना कमी हाली दिल्याचं तिने ऐकलं होतं. अधूनमधून म्हणायची, "बैलाच्या पायात आपले पैसे जास्तीच गेले म्हणते मी." आबा हसून उडवून लावायचे. हिशेबात आबा चुकतील असं गावात कोणाला वाटत नव्हतं, आबांना तर नव्हतंच.

१९५९ साली मी चौथीत होतो. हाली छापणं १९५१ मध्येच बंद झालं होतं आणि १९५९ मध्ये ते चलनातूनही गेलं. त्याआधी १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले होते. आमच्या गावच्या बाजारात ती दोन वर्षं म्हणजे नुसता गोंधळ! म्हाताऱ्यांच्या तोंडी हाली, दुकानदाराच्या तोंडी आणे आणि सरकारी कागदावर नये पैसे. एका आण्याचे शंभर छेद सोळा, म्हणजे सव्वासहा नये पैसे. पण सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असं धरलं होतं. एकेक आणा करून चारदा मोडला तर चोवीसच मिळत, आणि पावली मोडली तर पंचवीस. पुन्हा तीच बाकी, ह्या खिशातून त्या खिशात.

तर त्या वर्षी गुरुजींनी अंशाधिक अपूर्णांक शिकवले. उदाहरणाला हालीच घेतलं, कारण घरोघर तोच विषय. फळ्यावर लिहिलं, सहा कलदार बरोबर सात हाली. मी घरी येऊन पाटीवर एकशेवीस गुणिले सात छेद सहा केलं. आठशेचाळीस छेद सहा. बरोबर एकशेचाळीस. बाकी शून्य.

मी पाटी घेऊन ओसरीवर धावत गेलो. "आबा, बैलाचे एकशेचाळीसच व्हत होते. तुम्ही दहा रुपये जास्त दिले!" नऊ-दहा वर्षांचं पोर. मला वाटलं, आबा शाबासकी देतील. आजी चुलीपासून उठून दारात आली. ओसरीवर दोन-चार माणसं होती, हिशेब पडताळायला आलेली.

आबांनी पाटी हातात घेतली. बराच वेळ पाहिली. सवायकी त्यांना झोपेत येत होती, पण सहाव्या हिश्शाचा पाढा त्यांना कोणी शिकवलाच नव्हता. आपल्या भाषेत सव्व्याला शब्द आहे, दिडाला आहे, औटालासुद्धा आहे. एक पूर्णांक एक छेद सहाला नाही. सगळ्यात जवळचा शब्द सव्वा, आणि त्या दोहोंतलं अंतर एक छेद बारा. रुपयामागे एक आणा चार पै. सावकाराला ते माहीत होतं की त्यालाही जवळचा शब्दच सुचला होता, हे आता सांगता येणार नाही. तो तेव्हा हयात नव्हता. 'सव्वानं धरावं का' म्हणून त्याने विचारलं होतं, आणि आकडा आबांनी स्वतः उच्चारला होता. मोठ्याने, चार माणसांत.

आबा काही बोलले नाहीत. पाटी मला परत दिली आणि उठून गोठ्यात गेले. आजी नेहमी 'म्हणते मी' म्हणायची, त्या दिवशी तीही काही म्हणाली नाही. ओसरीवरचा एक जण हलकेच हसला. ते हसू माझ्या अजून लक्षात आहे.

त्यानंतर हिशेब पडताळायला माणसं आली की आबा म्हणायचे, "पोराला विचारा, तो शाळेत जातो." मला आधी अभिमान वाटला. पुढे वय वाढलं तसा तो अभिमान कमी होत गेला. माझं उत्तर बरोबर होतं ह्यात शंका नाही. पण ते मी माणसं गेल्यावर सांगितलं असतं तर एकशेचाळीसचे काही एकशेएक्केचाळीस झाले नसते.

मात्र एक गोष्ट राहिली. महिनाभराने असेल, पहाटे मला कुणीतरी हलवून उठवलं. आबा होते. अंधारात माझ्या अंथरुणाशी बसून म्हणाले, "लेकरा, ते सहाव्याचं कसं म्हनायचं रे? सवायकीसारखं म्हनून दाखव." असा पाढा पुस्तकात नव्हता. मी तिथल्या तिथे बनवला. साहाचे सात, बाराचे चौदा, अठराचे एकवीस, चोवीसचे अठ्ठावीस... आबा मागून म्हणत गेले. साठाचे सत्तर. एकशेवीसला आलो तेव्हा मी थांबलो. आबांनीच पुरं केलं, "एकशेवीसचे एकशेचाळीस." आणि मग, "हं. बराबर हाये."

त्या वर्षी हाली बंद झालं होतं. तो पाढा आता बाजारात कोणाच्याच कामाचा नव्हता. आबांनी तो तरी पाठ केला. माझ्या ऐकण्यात त्यांनी पाठ केलेला तो शेवटचा पाढा.

पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत मी कित्येक वर्षं हा धडा शिकवला. उदाहरणाला भाकरी घेतली, पेरू घेतले, हालीचं उदाहरणही दरवर्षी घेतलं. उत्तर चुकलं तर पोराला चारचौघांत कधी उठवून उभं केलं नाही. जवळ बोलावून एवढंच म्हणायचो, "बाकी कुठं गेली, शोध." पंचवीस पैशांचं नाणंही ३० जून २०११ ला चलनातून गेलं, त्याबरोबर पावलीचा शेवटचा ठिपका पुसला. पावकी-औटकी म्हणणारे आता आमच्या वयाचेच उरलेत. भाषेत मात्र सव्वा आणि दीड ठणठणीत आहेत, घड्याळात रोज वाजतात.

काल सकाळी नातवाला फोन केला आणि त्याच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर दिलं. म्हटलं, त्या अपूर्णांकाने काही चूक केलेली नसते. चूक आपण करतो, बाकी उरलेली असताना जवळचा शब्द बोलून मोकळे होतो. तो म्हणाला, "म्हणजे कसं?" मी म्हटलं, दिवाळीला ये, पणजोबांच्या बाबांची गोष्ट सांगतो. मग दोघांनी मोजून पाहिलं, दिवाळीला किती आठवडे राहिले ते. दिवस भागिले सात केले त्याने. काही पूर्ण आठवडे, आणि वर चार दिवस बाकी.